गाळलेली दोन मिनिटं

जुना लॅपटॉप कायमचा बंद पडला तेव्हा मला वाईट वाटलं नाही, उलट जरा बरंच वाटलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याची सुरुवात त्या बरं वाटण्यातच आहे.

परभणीत माझी एका खोलीची कार्यशाळा आहे. पुण्यातली नोकरी सोडून आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. विहिरीवरच्या मोटारीला लावायच्या पेट्या मी बनवतो. पेटीत सिमकार्ड असतं. घरून फोन लावला की मोटार चालू होते, पुन्हा लावला की बंद. लाईट जाऊन परत आली तर मोटार आपोआप सुरू होते. पेटीच्या आत बोटाच्या दोन पेरांएवढी एक चिप असते आणि तिच्यात मी लिहिलेला प्रोग्राम भरलेला असतो. तो मी माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितो. चिपला ती भाषा कळत नाही, म्हणून मधे कंपायलर लागतो. माझं लिहिलेलं वाचून तो चिपच्या भाषेत उतरवून देतो. लिंकर नावाचा दुसरा प्रोग्राम ते तुकडे एकत्र जोडतो, आणि तिसरा ते सगळं वायरमधून चिपमध्ये भरतो. ही साखळी एकदा नीट बसली की तिच्याकडे कोणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

लाईट आली की मोटार लगेच सुरू होऊ नये, म्हणून पेटीत दोन मिनिटांची थांबण ठेवलेली होती. एका डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, पंधरा-वीस मोटारी असतात. सगळ्या एकदम सुरू झाल्या तर फ्यूज उडतो, आणि लाईट आल्या आल्या व्होल्टेजही खालीवर होतं. म्हणून लाईट आली की आधी पेटीतला बझर दोन मिनिटं टिट् टिट् वाजत राहायचा आणि मगच रिले, म्हणजे पेटीतला आपोआप लागणारा स्विच, लागून मोटार घुमायची. त्या आवाजामुळे राणीसावरगावकडच्या लोकांनी पेटीचं नाव टिटवी ठेवलं. मला ते नाव आवडायचं. त्या दोन मिनिटांत तिकडे विहिरीवर काय चालतं, हे मात्र मी कधी विचारलं नाही.

त्या भागात पेट्या बसवायचं काम मामा करत. सगळे त्यांना मामाच म्हणतात. वय साठीच्या पुढे, जन्म वायरमनकीत गेलेला, दोन डोळ्यांनी आणि दोन कानांनी मोटारीचं दुखणं ओळखणारा माणूस. फोनवर मोटारीचा आवाज ऐकून बेअरिंग गेलंय का कपॅसिटर, ते सांगायचे. मला कधी भाच्या म्हणायचे, कधी नुसतं इंजिनेर. इंजिनेर म्हणायचे तेव्हा टोमणा असायचा.

मागच्या वर्षी जुन्या नेटवर्कचं सिग्नल मिळेनासं झालं. फोन लागेनात, पेट्या मुक्या झाल्या. सिमकार्ड बसतं ते मॉड्यूल नवं घ्यावं लागलं आणि त्यासाठी प्रोग्रामही बदलावा लागला. मी तो लिहीत होतो आणि त्याच आठवड्यात लॅपटॉपची हार्डडिस्क गेली. लिहिलेलं पेनड्राईव्हवर होतं, ते वाचलं. कंपायलर गेला. तो पुण्यातल्या एका सहकाऱ्याने कधीकाळी टाकून दिलेला होता. कुठली आवृत्ती होती, कुठल्या सेटिंगवर चालायचा, मला माहीत नव्हतं. वहीत एक ओळही लिहून ठेवलेली नव्हती. एक बटण दाबलं की फाइल तयार व्हायची, एवढंच मला ठाऊक.

तरी बरं वाटलं, कारण नवं काहीतरी स्वतःच्या हाताने मुळापासून उभं करायला मिळणार होतं. नव्या लॅपटॉपवर मी नवा कंपायलर उतरवला, त्याच्या जोडीची लायब्ररी उतरवली, चिपमध्ये भरायचा प्रोग्राम उतरवला. तो चार दिवसांचा खटाटोप मला अजून ओळीओळीने आठवतो. आधी कंपायलर म्हणाला, अमुक फाइल सापडत नाही. ती समोरच होती, पण मी दाखवलेल्या वाटेवर नव्हती. वाट दुरुस्त केली तर दुसरी सापडेना. मेकफाइल म्हणजे कुठल्या क्रमाने काय करायचं त्याची यादी. तिच्यात एका ओळीच्या सुरुवातीला टॅबऐवजी मोकळ्या जागा पडल्या होत्या, त्यात अर्धा दिवस गेला. बायको दोनदा जेवायला बोलावून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, "एवढं मन लावून लग्नात तरी बसला होतात का?"

चौथ्या दिवशी सगळं जुळलं, पण चिपमध्ये मावेना. नव्या मॉड्यूलमुळे प्रोग्राम वाढला होता. मग मी कंपायलरला एक आज्ञा जोडली. तिचा अर्थ इतकाच, की आकार जमेल तितका कमी कर. त्याने केला. प्रोग्राम बसला, वर थोडी जागाही उरली. मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं.

आता कबुलीची गोष्ट. माझ्याकडे दोन तऱ्हेच्या फाइली तयार व्हायच्या. एक टेबलावर तपासायची, तिच्यात दोन मिनिटांची थांबण मी चार सेकंदांवर आणून ठेवलेली होती, कारण दर वेळी दोन मिनिटं कोण बसणार. त्या फाइलीला आकार कमी करायची आज्ञा लावली नव्हती, कारण टेबलावर मी जास्त जागेची चिप वापरायचो. दुसरी फाइल शेतात जायची. तिच्यात थांबण पुरी आणि आज्ञा लावलेली. पहिली फाइल मी शंभरदा तपासली. चार सेकंद टिट् टिट् आणि मग रिले, दर वेळी बरोबर. दुसरी एकदाच तपासली. चिप बोर्डवर बसवली. बझरची वायर काढून ठेवलेली होती, शेजारचे त्या आवाजाला कंटाळले होते. बटण दाबलं. आता दोन मिनिटं लागणार, म्हणून उठलो आणि आत जाऊन चहा पिऊन आलो. आलो तेव्हा रिले लागलेला होता, रिलेजवळचा लाल दिवा पेटलेला होता. फोन लावून पाहिला, बंद होतंय, चालू होतंय. झालं, म्हटलं.

रिले कधी लागला होता, हे मी पाहिलंच नाही.

नऊ चिपा भरल्या, कापसात गुंडाळून मिठाईच्या डब्यात ठेवल्या, आणि मॉड्यूलांसोबत डबा गंगाखेडच्या एसटीत कंडक्टरच्या ओळखीने पाठवून दिला. मामांनी चार दिवसांत नऊ पेट्यांतल्या जुन्या चिपा काढून नव्या बसवल्या. फोन करून म्हणाले, "इंजिनेर, तुजी टिटवी जिवंत झाली. समदे खुश हायेत."

पुढच्या आठवड्यात सकाळी दहाच्या सुमारास एका बाईचा फोन आला. आवाज ओळखीचा नव्हता. राणीसावरगावच्या शिवारात तिची विहीर होती. शेळ्या राखायची आणि शेतीही बघायची. माझा नंबर पेटीच्या झाकणावर लिहिलेला होता, तो पाहून तिने लावला होता.

"टिटवीवाले दादा का? मामाचा हात मोटारीत गेला. गंगाखेडच्या दवाखान्यात नेलंय. तुमी या."

मी काय विचारलं ते आठवत नाही. ती काय म्हणाली ते आठवतं. "बोटं गेली दादा. दोन."

गंगाखेडपर्यंत मी मोटारसायकल कशी चालवली, सांगता येणार नाही. दवाखान्यात मामा बाकावर बसलेले होते. उजव्या हाताला मोठं बँडेज, शर्टावर ग्रीस आणि रक्त. मामी शेजारी. ती बाई भिंतीला टेकून उभी, आणि गावातले दोघेजण. मामा मला पाहून हसले, आणि त्या हसण्याचीच मला भीती वाटली.

"काई न्हाई रं. मधलं अन् त्याच्या बाजूचं. लिवायला म्या कुठं मास्तर हाय."

काय झालं ते त्यांनीच सांगितलं. लाईट गेलेली होती. त्या बाईच्या पंपाच्या ग्लँडमधून, म्हणजे फिरता शाफ्ट पंपात शिरतो त्या तोंडातून, पाणी गळत होतं. मामा शाफ्टभोवती ग्लँडची दोरी भरायला बसले होते. एका हाताने मोटार आणि पंप जोडणारं कपलिंग फिरवायचं आणि दुसऱ्याने दोरी दाबायची. तेवढ्यात लाईट आली आणि मोटार घुमली.

"पण मामा, मेनचा स्विच पाडला नव्हता?" मी विचारलं.

गावातला एकजण म्हणाला, "टिटवी असल्यावर कोन मेन पाडतंय? लाईट आली की ती वरडतीय. दोन मिंटं मिळत्यात. तवर हात काडायचा, हत्यारं उचलायची, बाजूला व्हायचं. मामांनीच शिकवलंय समद्यांला."

वर्षानुवर्षं हे लोक माझ्या पेटीच्या भरवशावर मोटारीत हात घालत होते. मी फ्यूज आणि व्होल्टेजसाठी ठेवलेली ती दोन मिनिटं त्यांनी हाताच्या राखणीला लावली होती, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मला ते ठाऊकच असणार असं त्यांनी धरलं होतं. पेटी मीच बनवली होती ना.

"टिटवी वरडली असंल," मामा म्हणाले. "मलाच ऐकू आली न्हाई. कानं गेली माजी."

"वरडली न्हाई मामा," ती बाई भिंतीजवळून म्हणाली. "म्या सांगायलेय कवाची. खाट् झालं अन् मोटार घुमली. मधी काईच न्हाई."

"तू शेळ्यामागं होतीस."

"शेळ्यामागं होते म्हनून काय बहिरी झाले?"

गावातले दोघं हसले. मग ती माझ्याकडे वळली. "दादा, तुमी सांगा. टिटवी न वरडता मोटार लागती का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "नाही ताई. तसं होऊच शकत नाही. तुम्ही लांब होता, ऐकू आलं नसेल."

हे मी खात्रीने म्हणालो. माझा त्यावर विश्वासही होता. पण आज तो क्षण आठवला की वाटतं, विश्वास असला तरी जरा थांबायला हवं होतं. त्या बाईच्या तोंडावरून काहीतरी उतरून गेल्यासारखं झालं. तिने पदर डोक्यावर ओढला.

दुपारी तिच्यासोबत विहिरीवर गेलो. कपलिंगजवळ जमिनीवर अजून डाग होता. ग्लँडची दोरी अर्धी आत, अर्धी बाहेर लोंबत होती. मी पेटी उघडली, चिप काढून खिशात घातली आणि मोटार साध्या स्टार्टरवर चालवायला तिला सांगितलं. तिने "बरं" म्हटलं आणि शेळ्यांकडे निघून गेली.

परभणीला पोचलो तेव्हा पाच वाजले असतील. बूटही न काढता टेबलाशी बसलो. चिप बोर्डवर लावली. काढून ठेवलेली बझरची वायर जोडली. घड्याळ समोर ठेवलं आणि बटण दाबलं.

खाट्.

रिले लागलेला होता. बझरने आवाजही काढला नव्हता. लाल दिवा पेटलेला. घड्याळातला सेकंदकाटा हललासुद्धा नव्हता.

बंद करून पुन्हा लावलं. खाट्. पुन्हा लावलं. बायको दारात येऊन उभी राहिली होती. "काय झालं?" तिने विचारलं. मी पुन्हा बटण दाबलं.

लिहिलेला प्रोग्राम उघडला. थांबणीच्या ओळी जिथल्या तिथे होत्या. एक अक्षर बदललेलं नव्हतं. बझर चालू कर, इतके लाख आकडे मोज, बझर बंद कर, रिले लाव. हेच जुना कंपायलर वर्षानुवर्षं बरोबर उतरवून देत होता. मग मी नव्या कंपायलरला सांगितलं, की तू चिपसाठी जे लिहिलंस ते मला उतरवून दाखव. यंत्राच्या भाषेतल्या ओळी समोर आल्या. बझर चालू करायची ओळ सापडली. तिच्या खालची ओळ बझर बंद करायची होती. तिच्या खाली रिले लावायची. मोजणी कुठेच नव्हती. मी खालीवर करून पाहिलं, दुसरीकडे कुठे हलवली असेल म्हणून शोधलं. दोन मिनिटांच्या जागी काहीही नव्हतं.

असं का झालं ते समजायला फार वेळ लागला नाही, आणि तेच मनाला जास्त लागलं. मी थांबण रिकाम्या मोजणीने केली होती. नुसते आकडे मोजायचे, त्या आकड्यांचं पुढे काही करायचं नाही. मी कंपायलरला सांगितलं होतं की आकार कमी कर. त्याने पाहिलं, ही मोजणी कशाच्याही उपयोगी पडत नाही, हिच्यावाचून काही अडत नाही. गाळून टाकली. त्याचा तो नियमच आहे. पुस्तकात लिहिलेला आहे. मोजणीला हात लावू नको असं सांगायचा एक शब्द असतो, तो मी शिकलेलो होतो, पण जुन्या कंपायलरवर तो न लिहिताही चालत होतं, म्हणून लिहिला नव्हता. आणि खरं तर थांबण अशी करायचीच नसते, चिपमधल्या घड्याळावर करायची असते. हेही मला ठाऊक होतं.

कंपायलरने काही इशारा दिला होता का, तेही शोधलं. इशारे मी बंद करून ठेवले होते. चालू करून पाहिले. चाळीसएक इशारे आले, पण ह्याबद्दल एकही नव्हता. दोष कुणावर तरी ढकलता येईल असं मला वाटत होतं, ते तिथेही मिळालं नाही. त्या दोन मिनिटांत काही घडत नाही असं कंपायलरला वाटलं होतं. मलाही तसंच वाटलं होतं, म्हणून तर मी चहा प्यायला गेलो होतो.

बाकीच्या आठ पेट्या शेतात चालू होत्या, हे ध्यानात आलं. मी एकेकाला फोन लावले. "पेटीवरचं आटोचं बटण आत्ता बंद करा, म्हणजे मोटार आपोआप लागणार नाही. मोटारीला हात लावायचा तर मेन पाडल्याशिवाय लावू नका." का, असं प्रत्येकाने विचारलं. मी म्हणालो, "नेटवर्कचं सेटिंग बदलायचंय." आठही जणांना हेच सांगितलं. एकाने विचारलं, "मामांला झालं त्याच्यामुळं का?" मी म्हणालो, "नाही, नाही. ते वेगळं."

चूक दुरुस्त करायला तासभरही लागला नाही. थांबण चिपच्या घड्याळावर घेतली, चिपा भरल्या, प्रत्येकीपुढे पुरी दोन मिनिटं बसलो. तीन दिवसांत स्वतः फिरून शेतातल्या आठही बदलल्या. म्हणजे माणसं सुरक्षित झाली. मी स्वतःला सांगत राहिलो, की महत्त्वाचं काम झालं. उरलं ते फक्त सांगायचं. सांगितल्याने बोटं काही येणार नव्हती. शिवाय मेन पाडायलाच हवी होती, हे कुठल्याही वायरमनला माहीत असतं. हे शेवटचं कारण मी मनात पुन्हा पुन्हा काढून बघायचो. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून ते फार कामाला यायचं.

चौथ्या दिवशी मामांच्या घरी गेलो, सांगायचं ठरवूनच. मामा ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि आतल्या खोलीतून स्टीलच्या ताटाचा आवाज येत होता.

"आली का?" आतून मामी विचारत होत्या.

"आली. आता हळू वाजव."

ताटाचा आवाज पुन्हा आला, बारीक.

"आली का?"

"वाजीवलंस का?"

मामी ताट घेऊन बाहेर आल्या. मला पाहून म्हणाल्या, "बघा की हो. चार दिस झाले, ताट वाजवून वाजवून माज्या हाताला गोळे आले. ऐकू येतंय ह्यांला समदं. माजं बोलनं तेवडं कदीच ऐकू आलं न्हाई, ते आदीपासूनचं हाय."

मामा हसले नाहीत. म्हणाले, "मोठं ऐकू येतंय. बारीक जातंय. टिटवीचा आवाज बारीकच हाय."

मी चहा प्यायलो. हाताची चौकशी केली. निघताना म्हणालो, "वयाने थोडं होतंच, मामा." असं मी म्हणालो. ते वाक्य लिहितानासुद्धा कान तापतात.

नंतरच्या दिवसांत बातम्या येत राहिल्या. एकाने मोटार खोलायला दुसरा माणूस बोलावला. मामांना ऐकू येत नाही, त्यांना विजेच्या कामाला कशाला लावता, असं गावात चाललं होतं. अकराव्या दिवशी सकाळी मामींचा फोन आला.

"भंगारवाला आलाय दारात. पक्कड, टेस्टर, पाने समदं काडून ठेवलंय ह्यांनी. द्यायलेत त्याला. तुमी जरा बोला ह्यांच्याशी."

"फोन द्या त्यांना."

"न्हाई म्हनायलेत."

"मग भंगारवाल्याला थांबवा. मी येतोय."

लॅपटॉप, बोर्ड, एक बल्ब, बाईच्या पेटीतून काढलेली चिप आणि दुरुस्त केलेली एक चिप घेतली. पोचलो तेव्हा भंगारवाला गाड्याला टेकून तंबाखू मळत होता. ओसरीवर गोणपाटावर हत्यारं मांडलेली होती, पुसून स्वच्छ केलेली. मी कुणाशी न बोलता बोर्ड काढला, प्लग लावला, रिलेला बल्ब जोडला.

"मामा, इकडे बघा. ही त्या दिवशीची चिप."

बटण दाबलं. खाट्, बल्ब पेटला.

मामा बल्बकडे बघत राहिले. "टिटवी?"

"नाही वाजत. तिच्यात वाजणं आणि थांबणं राहिलेलंच नाही. आता ही दुसरी."

दुसरी चिप लावली. टिट् टिट् सुरू झालं. बल्ब विझलेलाच. आम्ही सगळे बसून राहिलो, भंगारवालासुद्धा. मामांचे ओठ हलत होते, ते मोजत होते. दोन मिनिटं किती मोठी असतात ते मला त्या ओसरीवर कळलं. मग खाट् झालं आणि बल्ब पेटला.

मी सगळं सांगितलं. लॅपटॉप, कंपायलर, आकार कमी करायची आज्ञा, चहा. मामांनी मधे एकदाच विचारलं, "म्हंजी तू लिवलं व्हतंस, अन् त्यानं खाल्लं?"

"मी नीट लिहिलं नव्हतं. आणि त्याने गाळलं ते मी तपासलं नाही."

"कवा कळलं तुला?"

"त्याच दिवशी. संध्याकाळी."

मामांनी बँडेजचा हात मांडीवरून उचलून परत ठेवला. मामी दारात उभ्या होत्या, त्यांच्या हातात ते ताट नव्हतं, पण मला ते दिसत होतं.

"बोटाचं सोड," मामा म्हणाले. "मेन पाडली न्हाई, ती गफलत माजी. पर आकरा दिस. आकरा दिस म्या बायकूला ताट वाजवाय लावलं. तू हितं बसून च्या पिऊन गेलास."

"हो मामा."

"वयानं होतंय म्हनलास."

"हो."

आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. भंगारवाल्याने विचारलं, "मंग द्यायचं का न्हाई, मामा?" मामांनी डाव्या हाताने पक्कड उचलून स्वतःजवळ ओढली. "जा तू. काई निघत न्हाई आज."

मग मला म्हणाले, "आता ऊठ. आदी तिच्याकडं जा. तिनं खरं सांगितलं, अन् समद्यांदेखत तिला म्या खोटी पाडली. तू बी पाडलीस. मला सांगायच्या आदी तिला सांगायला पायजे व्हतं."

ती बाई माळावर शेळ्यांमागे होती. मी तिला उभ्या उभ्या सांगितलं. ती काठीने एका तरण्या शेळीला हुसकत ऐकत होती. माझं संपलं तेव्हा म्हणाली, "मंग माजे कान बरे हायेत म्हना."

"तुमचंच बरोबर होतं ताई. माझं चुकलं."

"दवाखान्यात दोन मानसं हसली. ती दोन मानसं कुठं हायेत आता?"

मी म्हणालो, त्यांनाही सांगतो. त्या दोघांच्या घरी तिच्यासोबत गेलो आणि सांगितलं. नंतर उरलेल्या आठ जणांकडेही गेलो आणि नेटवर्कचं खोटं परत घेतलं. दोघांनी पेटी काढून माझ्या हातात दिली. मी घेतली. त्या बाईला विचारलं, तुमच्या विहिरीवर नवी चिप बसवू का. ती म्हणाली, "बशीवा. पर म्या मेन पाडूनच हात घालनार. अन् तुमी झाकनावर तसं लिवा, ठळक." आता मी झाकणावर ते लिहितो, फोन नंबराच्या वर.

त्या दिवशी परत जाताना मामांकडे पुन्हा थांबलो होतो. ती वाईट चिप त्यांनी मागून घेतली आणि वरच्या खिशात ठेवली. मी मोटारसायकलला किक मारली तेव्हा त्यांनी हाक मारली.

"भाच्या, एक सांग. त्यानं दोन मिंटं गाळली ती तुला हाताचा बळी गेल्यावर कळली. अजून काय काय गाळलंय त्यानं?"

ते मी शोधलंच नव्हतं. एक चूक सापडली, तीच एकटी असं मी धरून चाललो होतो, आणि दुरुस्त म्हणून केलेल्या नऊ चिपा त्याच कंपायलरने, त्याच आज्ञेवर तयार केलेल्या होत्या.

तेव्हापासून रोज दुपारी मी एका बाजूला माझं लिहिलेलं आणि दुसऱ्या बाजूला कंपायलरने उतरवलेलं ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहतो आहे. पानं काढून घेतली आहेत, गठ्ठा जाडजूड आहे. कंपायलरची आवृत्ती, आज्ञा, तारीख, सगळं आता वहीत आहे. निम्म्याच्या पुढे आलोय. अजून दुसरं काही गाळलेलं सापडलेलं नाही. तोवर नवी पेटी मी कुणाला देत नाही.

मामा पुन्हा कामाला जातात. पक्कड डाव्या हातात धरायला शिकले. दर दोन-तीन दिवसांनी त्यांचा फोन येतो. नमस्कार वगैरे नसतो.

"कुठवर आलास?"

"तीन बोटं गठ्ठा राहिलाय मामा."

"सापडलं का काई?"

"नाही अजून."

"मंग नीट बघत न्हाईस तू," असं म्हणून ते फोन ठेवतात, आणि मी पुन्हा आदल्या पानापासून सुरू करतो.